पोहणाऱ्यानं मोजायचं नाही

आमचे साहेब वेडे आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे सांगायला माझ्या बापाचं काय जातंय? शेहेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर मोजून चार केस, घरी बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी, आणि महिन्यातले बावीस दिवस गावोगाव भटकायची नोकरी. अशा माणसानं संध्याकाळी हॉटेलात आल्यावर काय करावं? पाय लांब करून टीव्ही बघावा, जेवावं, झोपावं. साहेब खोलीत शिरतात, बूट बदलतात आणि अकरा मजल्यांचा जिना सहा वेळा चढतात-उतरतात. खाली काउंटरवरचा माणूस मला दर वेळी विचारतो, "लिफ्ट बंद आहे का?" मी सांगतो, "लिफ्ट ठणठणीत आहे. बिघाड साहेबांत आहे."

मी त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. सगळे मला मामा म्हणतात, भाचा एकही नाही. आमचं काम वजनकाट्यांचं. कारखान्यात, गोदामात माल तोलायचे मोठाले काटे असतात, ते खरं बोलतात की खोटं, हे तपासून साहेब शिक्का मारतात किंवा काटा बंद करतात. गाडीत मागे वीस-वीस किलोची पन्नास लोखंडी वजनं असतात. ती काट्यावर एकेक करून चढवायची, आकडा बघायचा, मग एकेक करून उतरवायची. चढवणारा मी, उतरवणारा मी, आणि पाठीला मलम लावणाराही मीच.

या कामात आमचा एक नियम आहे: उचलणाऱ्यानं मोजायचं नाही. दमलेला माणूस हमखास चुकतो. बत्तिसावं वजन उचलताना त्याला ते पस्तिसावं वाटतं, कारण पाठ तसं सांगत असते. म्हणून मी उचलतो तेव्हा साहेब मोजतात, माझी पाठ धरली आणि साहेबांनी उचललं की मी मोजतो. मुठीत मावेल असं एक लहान यंत्र आहे, अंगठ्यानं दाबलं की आकडा एकानं पुढे सरकतो. आम्ही त्याला टिकटिक्या म्हणतो. अकरा वर्षांत आमचं एक वजन इकडचं तिकडे झालेलं नाही. हे मी छाती ठोकून सांगतो. पुढचं मात्र मान खाली घालून सांगावं लागणार आहे.

तर साहेबांचं खूळ. ट्रायथलॉन नावाची एक शर्यत असते. आधी तळ्यात दीड किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन चाळीस किलोमीटर सायकल हाणायची, आणि ती टाकून दहा किलोमीटर पळायचं. हे सगळं पाठोपाठ, आणि पैसे भरून. मी एकदा विचारलं, "साहेब, वाघ मागे लागलाय का?" तर म्हणाले, "मामा, बसलो की मला कसंतरीच होतं." ते खरंच आहे. जेवताना त्यांचा पाय हलतो, झोपेतसुद्धा हलतो. मला माहीत आहे, कारण कंपनी आम्हाला दोघांत एक खोली देते. पलंगाच्या पायथ्याशी सायकल, दिव्याच्या शेडवर ओली चड्डी, आणि सहा वाजता सायकल स्टँडवर चढवून त्यांची जी घरघर सुरू होते, ती खालच्या खोलीतला पाहुणा वर येऊन दार ठोठावेपर्यंत.

गेल्या वर्षी ते त्या शर्यतीत पहिल्यांदा उतरले. पोहण्याला पंचेचाळीस मिनिटांची मुदत असते. तेवढ्यात काठाला लागलात तर सायकलीला हात लावायचा, नाही तर घरी जायचं. साहेबांचे शंभरेक मीटर राहिले असताना भोंगा वाजला. बोट आली, त्यांना काढलं. काठावर वहिनी आणि मुलगी उभ्या होत्या. मुलगी मोबाईलवर चित्रण करायला आली होती आणि तिला मिळालं काय, तर बोटीत ब्लँकेट पांघरून बसलेला बाप. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत राहिली. वहिनींनी घरी पोचल्यावर सांगितलं, "अजून एक वर्ष. त्यानंतर महिन्यातले उरलेले आठ दिवस आमचे." साहेबांनी मान हलवली. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे मलाही कळत होतं.

मग सुरू झाली धावाधाव. सोमवारी एका गावात, बुधवारी दुसऱ्या, शुक्रवारी तिसऱ्याच. कुठे पोहायचा तलाव आहे, कुठे नाही. असला तरी कसा? वाटाण्याच्या आकाराचा, बदामाच्या आकाराचा, मध्ये सिमेंटचा मासा. साहेब पहाटे साडेपाचला टेप घेऊन तलावाच्या कडेनं रांगत जायचे आणि लांबी मोजायचे. पहारेकरी मला बाजूला घेऊन विचारायचा, "तब्येत बरी आहे ना त्यांची?" आम्ही जिथे सगळ्यात जास्त वेळा उतरतो, त्या हॉटेलचा तलाव पंधरा मीटर आणि दोन सेंटिमीटर भरला. साहेबांनी ते दोन सेंटिमीटर सोडून दिले. शंभर फेऱ्या म्हणजे दीड किलोमीटर. घड्याळ तर त्यांनी तीन वेगवेगळ्या घड्याळांशी ताडून बघितलं होतं.

आणि मोजायचं कुणी? "पोहणाऱ्यानं मोजायचं नाही," साहेब म्हणाले आणि टिकटिक्या माझ्या हातात दिला.

माझ्या झोपेचं खोबरं झालं ते तिथून. काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं, साहेब भिंतीला लागले की एकदा दाबायचं, नव्याण्णव झाले की चप्पल शिडीवर आपटायची, म्हणजे शेवटची फेरी. पहिले दोन महिने मी इमानेइतबारे मोजलं. अठ्ठेचाळीस मिनिटं, साडेसत्तेचाळीस, सत्तेचाळीस दहा. तिथे येऊन गाडी अडली. काही केल्या सत्तेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. साहेब पाण्यातून बाहेर यायचे, आकडा बघायचे, वहीत लिहायचे आणि काही न बोलता टॉवेल घ्यायचे. त्यांचं ते न बोलणं मला बघवत नसे.

एक दिवस आदल्या रात्री नऊ तास गाडी चालवून आम्ही पोचलो होतो. पहाटे खुर्चीत मला डुलकी लागली. जाग आली ती टिकटिक्या हातातून खाली पडला म्हणून. उचलला, आकडा होता एकसष्ट. किती वेळ गेला? साहेब आपले पलीकडे चालले होते, फटॅक फटॅक. मी अंदाजानं दाबत सुटलो. टिक टिक टिक, नऊ वेळा. नंतर विचार केला तेव्हा कळलं, माझी डुलकी जेमतेम एका फेरीपुरती होती. पण त्या वेळी म्हटलं, कमी नको, माणूस उगाच जास्त पोहायचा.

चप्पल आपटली. साहेब भिंतीला लागले, डोळ्यांवरचा चष्मा वर केला. "किती?"

"बेचाळीस अठ्ठावन्न."

त्यांनी घड्याळ माझ्या हातातून ओढून घेतलं. मग पाण्यावर दोन्ही हात आपटून असे ओरडले की वरच्या दोन खिडक्या उघडल्या. बाहेर आले, तसेच ओलेकच्च मला मिठी मारली, सव्वासहाला वहिनींना फोन लावला. "अगं चार मिनिटं! एका फटक्यात चार मिनिटं खाली!" पलीकडून वहिनी हसत होत्या. मी तोंड उघडलं, शपथ घेऊन सांगतो, उघडलं होतं. पण सगळा शर्ट भिजलेला, माणूस लहान पोरासारखा नाचतोय, आणि मला म्हणतोय, "मामा, आज नाश्त्याला डबल अंडी." मी डबल अंडी खाल्ली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पुढच्या वेळी खरं मोजलं असतं तर परत सत्तेचाळीस आले असते. साहेबांनी विचारलं असतं, चार मिनिटं गेली कुठे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून मी दर वेळी आठ-दहा फेऱ्या मध्येच दाबू लागलो. कधी तिशीत, कधी सत्तरीत, संशय नको म्हणून. बेचाळीस चाळीस. त्रेचाळीस पाच. एकदा तर एक्केचाळीस पन्नास, त्या दिवशी माझाच हात सैल सुटला. साहेब वहीत लिहीत गेले. हा माणूस काट्यावर दोन किलोचा फरक दिसला तर अख्ख्या गोदामाचं काम थांबवतो. मालक हात जोडतो, मॅनेजर पाया पडतो, हा ढिम्म. आणि माझ्या आकड्याला त्यानं एकदा बोट लावून बघितलं नाही. मी मोजलं म्हणजे मोजलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण साहेब एक दिवस म्हणाले, "मामा, पोहणं झालं. आता सायकल आणि पळणं सुधारायचं." आणि त्यांनी पोहायचे दिवस निम्म्यावर आणले. चार महिने! चार महिने पहाटेच्या वेळी ते कारखान्यांच्या रस्त्यांवर पळत होते आणि मी मागून गाडीचे दिवे दाखवत येत होतो. त्यांचा पाय सुधारत होता आणि माझं खोटं जुनं होत होतं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तोंडात मूग भरलेत का? सांगून टाका." तिला काय जातंय सांगायला!

शर्यतीला तीन आठवडे राहिले होते. आम्ही एका गोदामाकडून दुसऱ्याकडे निघालो होतो. मुलीचा फोन आला, साहेबांनी स्पीकरवर टाकला.

"बाबा, माझ्या मैत्रिणी पण येऊ का म्हणतायत. आणू?"

"आण की. सगळ्या वर्गाला आण."

"नक्की ना? म्हणजे मागच्या वेळसारखं..."

"अगं, पोहण्याची आता चिंताच नाही. मामांना विचार."

"मामा," ती म्हणाली, "खरंच?"

मला हो म्हणता येईना. रस्ता दिसेनासा झाला. मी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. साहेबांना वाटलं टायर गेला. त्यांनी फोन बंद केला आणि दार उघडायला लागले.

"साहेब, टायर नाही. तुम्ही बेचाळीसमध्ये पोहत नाही. तुम्ही सत्तेचाळीसमध्येच पोहता. मी चुकवलं. आधी झोपेत चुकवलं, मग जागेपणी."

साहेब खाली उतरले. गाडीला एक चक्कर मारली, दुसरी मारली. मला वाटलं आता आईबापाचा उद्धार होणार, झाला असता तर किती बरं झालं असतं. ते परत येऊन बसले, वही काढली आणि एवढंच विचारलं, "कुठल्या तारखेपासून?"

मी तारीख सांगितली. आमच्या कामात काटा खोटा निघाला की तो शेवटचा ज्या दिवशी खरा ठरला होता, तिथपासूनच्या सगळ्या नोंदी रद्द होतात. साहेबांनी पट्टी लावून एकेक ओळ खोडली. एकतीस ओळी. सरळ, नीट, कुठे घाई नाही. मग म्हणाले, "चला. उशीर होतोय."

त्या तीन आठवड्यांत ते मला एकदाही रागावले नाहीत. बोलायचे फक्त कामाचं. "डावीकडे." "ठेवा." "पुढचं." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी टिकटिक्या तलाव साफ करणाऱ्या बाईंच्या हातात दिला आणि त्यांना नियम समजावला. मी गाडीत बसून काचेतून बघत होतो. बाई उभ्या राहून मोजत होत्या, हो, उभ्या राहून, नजर न हलवता. साहेब बाहेर आले. मी गाडीतून उतरून बाईंना हळूच विचारलं. अठ्ठेचाळीस वीस. होतं त्याहूनही मागे गेले होते, पोहणं सोडल्यामुळे. मला वाटलं, त्या तलावात मीच उडी मारावी.

मग माणूस पेटला. सायकल गाडीतून काढायची बंद, पळणं बंद, फक्त पाणी. ज्या गावात हॉटेलला तलाव नाही, तिथे शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन अर्ज करायचा. शाळा नाही तर नगरपालिकेचा तलाव, दुपारच्या सुट्टीत, डबा न खाता. एका हॉटेलात तर नुसतं सहा मीटरचं डबकं होतं. तिथे त्यांनी कमरेला रबरी दोर बांधला, दुसरं टोक शिडीला, आणि एकाच जागी पन्नास मिनिटं हातपाय मारत राहिले. कडेला दोन लहान मुलं रबरी बदक घेऊन आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसली होती. रात्री खांदा धरून कण्हायचे. मी मलमाची ट्यूब त्यांच्या उशीशी ठेवायचो, सकाळी ती तिथेच असायची, झाकण न उघडलेली.

आकडे मी दुसऱ्यांकडून काढून घ्यायचो, कधी पहारेकऱ्याकडून, कधी शाळेच्या शिपायाकडून. सत्तेचाळीस. शेहेचाळीस चाळीस. शेवटच्या गुरुवारी शेहेचाळीस पाच. एक मिनिट पाच सेकंद जास्त. आणखी दोन आठवडे असते तर! आणि ते दोन आठवडेच काय, सतरा आठवडे होते की त्यांच्याकडे. मी खाल्ले.

शर्यतीच्या दिवशी सायकल न्यायला माझीच गाडी. साहेब, वहिनी, मुलगी मागे, मी पुढे एकटा. तळ्यावर दोन-अडीचशे माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या. भोंगा वाजला आणि पाणी उकळल्यासारखं झालं. साहेब कुठले ते कळेना. मुलीच्या तीन मैत्रिणी ओरडत होत्या, मुलगी ओरडत नव्हती, ती नखं खात होती. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर अर्ध्या मिनिटाला बघत होतो.

पस्तीस मिनिटांना बहुतेक टोप्या बाहेर. चाळीसला पाण्यात सात. त्रेचाळीसला तीन, आणि त्यांतली मधली आमची. मी ओळखली, उजवा हात जरा वाकडा टाकतात ते. चव्वेचाळीसला मी ओरडायला लागलो. काय ओरडत होतो देव जाणे. पंचेचाळिसाव्या मिनिटाला भोंगा वाजला तेव्हा ते काठापासून तीसेक मीटरवर होते.

बोट त्यांच्याकडे गेली. बोटीतल्या माणसानं हात पुढे केला. साहेबांनी मान हलवली आणि पोहत राहिले. बोट शेजारून हळूहळू येत राहिली. शेहेचाळीसला सहा सेकंद कमी असताना त्यांचे पाय जमिनीला लागले, आणि ते चालत बाहेर आले, स्वतःच्या पायांनी. एका स्वयंसेविकेनं खाली वाकून त्यांच्या घोट्याचा वेळ मोजायचा पट्टा सोडवून घेतला, म्हणजे शर्यत संपली. पलीकडे एवढ्या सायकली गेल्या होत्या, आमची एकटी स्टँडला लावलेली दिसत होती. मुलगी बुटांसकट पाण्यात गेली आणि बापाच्या गळ्यात पडली. मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या. कशासाठी, ते त्यांना माहीत नसावं.

वहिनी माझ्याकडे आल्या. डोळे भरलेले, पण हसत होत्या. माझा हात दोन्ही हातांत धरला. "मामा, गेल्या वर्षी उचलून आणावं लागलं होतं. यंदा चालत आला. तुम्ही रोज पहाटे त्याच्यासाठी उठलात म्हणून हो. थोडक्यात गेलं."

म्हणजे साहेबांनी घरी सांगितलंच नव्हतं. तीन आठवडे! मला गप्प बसता आलं असतं. वहिनींनी कधी विचारलं नसतं, साहेबांनी कधी सांगितलं नसतं. पण त्यांचे हात गरम होते आणि माझे बर्फासारखे गार पडले होते.

"वहिनी, हे माझ्यामुळे गेलं," मी म्हणालो, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डुलकी, नऊ फेऱ्या, डबल अंडी, चार महिने. तोवर साहेब आणि मुलगी जवळ येऊन उभे राहिले होते. वहिनींनी माझा हात सोडला.

"तुला माहीत होतं?" त्यांनी साहेबांना विचारलं.

साहेबांचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. त्यांनी मान डोलावली.

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तू परत त्यांना घरात घेतलं नसतंस."

"नसतंच घेतलं," वहिनी म्हणाल्या.

मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की मला माझे पाय कुठे ठेवावेत ते समजेना. साहेबांच्या अंगावरून पाणी गळत होतं, अख्खं अंग थडथडत होतं, आणि मी मठ्ठासारखा त्यांच्याकडे बघत उभा.

"उभे काय राहिलात, मामा?" वहिनी ओरडल्या. "गारठून मरेल तो. कोरडे कपडे कुठे आहेत त्याचे?"

कपडे गाडीत होते, आणि गाडी लांब, टेकाडाच्या पलीकडे लावलेली. मी पळत सुटलो. चौपन्न वर्षांचा, एवढं पोट पुढे घेऊन, पायात चपला, रडत रडत. शर्यतीला आलेली माणसं वाट सोडून बाजूला होत होती.